शेवटच्या नाचासाठी तारा

धाकटी पन्नाशी ओलांडून बसली होती, तरी बँडमध्ये सगळे तिला धाकटीच म्हणायचे. दादा ड्रम वाजवायचा, ती त्याच्या शेजारी उभी राहून बेस गिटार वाजवायची, आणि दादाला ती धाकटी म्हणून जगालाही धाकटी. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर काढायची. रविवारी दुपारी मात्र नगरपालिकेच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांचा नाच असायचा आणि तिथे बँड यांचा.

दादाला एक खोड होती. कार्यक्रम संपला की ड्रमच्या काड्या पिशवीत घालता घालता तो तिची चूक सांगायचा. "तिसऱ्या गाण्यात झोपलीस." "शेवटी कुणी मागे लागलं होतं का?" शाबासकीचा एक शब्द नाही. त्याचं तोंड उघडलं की धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि घरी जाऊन तेच वाजवून बघितलं तर चूक नेमकी तिथेच असायची, म्हणून आणखी व्हायचा. पण गेली दोन वर्षं हे बंद झालं होतं. दादा गप्प पिशवी भरायचा आणि घरी जायचा. धाकटीला वाटलं, चला, सुधारलो आपण एकदाचे. तिने त्या आनंदात गिटारला नवा पट्टासुद्धा घेतला होता.

आणि आता मास्तरांनी डबा आणला. मास्तर म्हणजे बँडचे मालक. की-बोर्ड त्यांचा, गाण्यांची निवड त्यांची, दादाशी मैत्री शाळेपासूनची. डबा म्हणजे ड्रमचा आवाज काढणारं यंत्र. बटण दाबलं की ठोके सुरू, बंद केलं की बंद, मध्ये चहा नको की रुसवा नको.

"मला काय हौस आहे?" मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले. दादाच्या नजरेला नजर देण्याचं धाडस त्यांच्यात नव्हतं. "पण शेवटच्या नाचाला तो दर वेळी घसरतो गं. गेल्या रविवारी लोकांचे पाय एकमेकांत अडकले. एक आजोबा पडता पडता राहिले. उद्या कुणाचं हाड मोडलं तर?"

"दमत असेल."

"तेच म्हणतोय मी. वय झालं."

"तुमचं नाही झालं?"

"माझ्या की-बोर्डमुळे कुणी पडत नाही," मास्तर म्हणाले. "येत्या रविवारी बघतो. शेवटच्या नाचाला डबा पायाशी चालू ठेवणार. तो घसरला की बटण दाबणार. आणि एकदा दाबलं की मग कायमचंच."

धाकटीने मान डोलावली आणि मनात म्हटलं, दाबून तर बघा.

दादाचं ऐकणं कमी झालंय हे सगळ्यांना माहीत होतं. कानात त्याने मशीन घातलं होतं, आणि ते घातल्यापासून तो जास्तच चिडचिडा झाला होता. बारीक, टोकदार आवाज त्या मशीनला फार आवडायचे. ते तेवढेच उचलून त्याच्या कानात ओतायचं. धाकटीचं बोट तारेवरून सरकलं आणि किर्र झालं की दादाचा खांदा उडायचा. हे तिने तालमीत कितीदा तरी पाहिलं होतं. मग घोडं इथेच पेंड खातंय, असं तिने ठरवलं. किरकिर बंद केली की दादा ताळ्यावर येईल. माणूस बदलण्यापेक्षा तारा बदलणं सोपं.

दुसऱ्याच दिवशी ती वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार उंच, वाकलेला आणि बोलघेवडा होता. बायको त्याला घरी बोलू देत नाही, म्हणून तो गिऱ्हाइकावर वसूल करतो, असं सगळे म्हणायचे.

"फ्लॅटवाउंड हव्यात तुम्हाला," त्याने लगेच निदान केलं. "तुमच्या आत्ताच्या तारांवर वरून गोल तार गुंडाळलेली आहे. बोट त्यावरून गेलं की खरवडणारच. फ्लॅटवाउंडला वरची तार पट्टीसारखी चपटी. हात फिरवून बघा."

तिने फिरवला. काचेवरून फिरवल्यासारखा हात गेला.

"आवाज गोल, बसका, बुटका. चमक नाही. आजकालच्या पोरांना आवडत नाही. पण एकदा चढवल्या की वर्षानुवर्षं बघायला नको. या घ्या, घट्ट ताणाच्या. दणकट. सगळे याच नेतात."

सगळे याच नेतात म्हटल्यावर तिनेही त्याच नेल्या. घरी बसून जुन्या तारा उतरवल्या, नव्या चढवल्या. टोक कापण्याआधी तार खुंटीजवळ काटकोनात वाकवायची, नाहीतर वरची पट्टी सुटते, हे दुकानदाराने तीनदा सांगितलं होतं. तिने ते चारदा पाळलं. तारा इतक्या ताठ होत्या की संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं ठणकायला लागली. ठणकू देत, ती म्हणाली.

तालमीत किरकिर गेली. दादाचा खांदा उडाला नाही. पहिल्या गाण्यानंतर तो चक्क म्हणाला, "आज बरं वाटतंय." मास्तरांनी भुवया उंचावल्या, धाकटीने त्यांच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. फक्त एक गोष्ट तिला खटकत होती. दादा स्टुलावरून पुढे वाकून वाजवत होता, सुईत दोरा ओवायला बसल्यासारखा.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिच्या स्पीकरची वायर ढिली झाली. आवाज थांबू नये म्हणून ती वाजवत वाजवतच मागे वळली आणि पायाने वायर आत ढकलू लागली. तिची पाठ दादाकडे झाली, आणि ठोके भरकटले. थोडे नाही, चांगलेच. ती पुन्हा वळली. दादाची नजर तिच्या उजव्या हातावर येऊन बसली आणि दोनचार ठोक्यांत सगळं जागेवर आलं.

धाकटीच्या चष्म्याच्या दुकानात अशी माणसं यायची. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं दिसत नसतात, पण चष्म्याचा नंबर वाढलाय हे कबूल करायचं नसतं. मग बाकड्यावर बसल्या बसल्या आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून तक्ता पाठ करतात आणि खुर्चीत बसून घडाघडा म्हणतात. धाकटी अशा वेळी काही न बोलता तक्ता उलटायची.

दादा तिला ऐकत नव्हताच. तो तिची बोटं वाचत होता. म्हणूनच तो शेवटच्या नाचाला घसरायचा. दमून नव्हे. शेवटच्या नाचाला हॉलचे पडदे ओढायचे आणि दिवे घालवायचे, ही त्या हॉलची जुनी रीत. पूर्वी स्टेजवरचा एक बल्ब चालू राहायचा; नवीन व्यवस्थापक आल्यापासून तोही जायचा. आणि तिच्या नव्या तारा इतक्या ताठ होत्या की बोटं आधीपेक्षा कमी हलत होती. म्हणजे होतं तेही पुस्तक तिने आपल्या हाताने मिटवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग दोन वर्षांच्या त्या शांततेचाही अर्थ तिला लागला. ती सुधारली नव्हती. दादाला तिच्या चुका ऐकू येत नव्हत्या. हे कळल्यावर तिला इतकं वाईट वाटलं की तालीम संपेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या करत होती.

"दादा, तू मला ऐकत नाहीस. बघतोस."

दादाने ऐकू न आल्याचं सोंग केलं. हे सोंग त्याला आता फार छान जमायचं.

"सोंग नको. कधीपासून?"

"कोण म्हणतं?"

"मी तुझ्याकडे पाठ फिरवली आणि तू गटांगळ्या खाल्ल्यास."

दादा भडकला. तिला तालाचं काय कळतं, तिला हातात गिटार धरायला कुणी शिकवली, सगळं निघालं. वहिनीने एक घडी पूर्ण केली आणि शांतपणे म्हणाली, "टीव्हीसुद्धा तोंडांकडे बघूनच बघतात ते. विचार त्यांना."

मग दादा बसला. गुडघ्यांवर बोटांनी काहीतरी वाजवत राहिला.

"आधी थोडं थोडं जायला लागलं," तो म्हणाला. "वाटलं, तुझी बोटं दिसतात तोवर कुणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"व्यवस्थापकाला सांगते. स्टेजवर एक दिवा ठेवा म्हणून."

"खबरदार!" दादा म्हणाला. "लोक त्या अंधारासाठी येतात. एकटी पडलेली माणसं असतात ती, वर्षभरात कुणी हात धरलेला नसतो. त्यांच्या डोक्यावर मी दिवा लावू? आणि दिव्याची भीक मागून ताल धरायचा असेल तर मास्तरचा डबाच बरा."

"मग अंधारात वाजव."

"कशाने? नाकाने?"

धाकटी चपला घालून निघाली. पण दादाच्या हातून काड्या जाऊ द्यायच्या नाहीत, एवढं तिचं ठरलं होतं. वडील गेले तेव्हा हा माणूस शाळा सोडून लग्नांत ड्रम बडवायला गेला होता, म्हणून ती शिकली होती. ते तो कधी बोलून दाखवत नसे. तीही नाही. पण ठरवताना ते तिच्या मनात होतं.

रात्रभर विचार करून तिला एक जुनी गोष्ट आठवली. गोंगाटात बेसचा सूर लावायचा असेल तर वाजवणारे गिटारचं वरचं शिंग, म्हणजे मानेजवळ पुढे आलेलं लाकडाचं टोक, जबड्याला टेकवतात. बाहेर कितीही कल्ला असो, तार हाडातून बोलते. हे तिला दादानेच शिकवलं होतं.

सकाळी ती पुन्हा वाद्यांच्या दुकानात. दादासारखं ऐकू येऊ नये म्हणून कानात घट्ट कापूस, त्यावर दुकानामागे काम करणाऱ्या सुताराकडून मागून आणलेले, आवाज अडवणारे कानावरचे जाड टोप.

"फ्लॅटवाउंड चढवलेल्या जेवढ्या गिटार असतील तेवढ्या काढा," ती मोठ्याने म्हणाली. तिला वाटत होतं ती हळू बोलतेय.

दुकानदाराने तोंड हलवलं. ती म्हणाली, "ऐकू येत नाही. बोलू नका." दुकानदाराला आयुष्यात याहून वाईट गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

तिने चष्म्यासारखंच केलं. एका वेळी दोनच. ही बरी की ती? बरी ती ठेवायची, दुसरी बाजूला. शिंग जबड्याला लावायचं, डोळे मिटायचे, जाड तार वाजवायची. तिच्या घट्ट तारांचं काय होत होतं ते आता कळलं: जबड्यावर कुणी नखाने टिचकी मारावी तसं वाटायचं. टिचकी लागते, पण गर्दीत हरवते. दुसऱ्या एका संचाचा आवाज लांबत राहायचा. एक ठोका संपायच्या आत दुसरा येऊन त्यात मिसळायचा. कुठे सुरू झालं तेच कळेना. तिला सुरुवात हवी होती. गोड नसेल तरी चालेल.

शेवटी दुकानदाराने कोपऱ्यातून एक धूळ खाल्लेली गिटार काढली. सैल ताणाच्या फ्लॅटवाउंड तारा, कुणी घेत नाही म्हणून तशाच पडलेल्या. धाकटीने तार ओढली. तार चांगली वाकली, आणि सुटताना जबड्याला तळहाताने ढकलल्यासारखं झालं. एकदा. मग गप्प. पुन्हा ओढली, पुन्हा तसंच. तिने ती घट्ट तारांशी ताडून पाहिली, मग लांबणाऱ्यांशी, मग उलट क्रमाने, आपणच आपल्याला फसवत नाही ना म्हणून. दर वेळी हीच.

तिने टोप आणि कापूस काढले. "या. अशाच. नवीन संच."

"त्या फार सैल आहेत हो. नवीन माणसाच्या हाताखाली फटफटतात. मागच्या महिन्यात तर एकाने—"

"मी नवीन नाही. द्या."

तारा सैल म्हणून तिला हात बदलावा लागला. जोरात मारलं की तार लाकडावर आपटायची, हळू मारलं की धक्का मरायचा. ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं नसताना टेबलाच्या कडेवर बोटांचा सराव करू लागली.

मग फळी. दादाच्या अंगणात पडलेली जाड लांब फळी तिने खोलीत ओढून आणली. एका टोकावर तिचा स्पीकर, दुसऱ्या टोकावर दादाचं स्टूल. ड्रम फळीबाहेर, सतरंजीवर, म्हणजे त्यांचे हादरे फळीत येणार नाहीत.

"कानातलं मशीन काढ," ती म्हणाली. "आणि भिंतीकडे तोंड कर."

"हा काय पोरखेळ?"

"काढ म्हणते ना."

तिने एक स्वर वाजवला. दादा भिंतीकडे बघत बसला होता. मग तो हळूच स्टुलावर सावरून बसला.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने वाजवला.

"बुडाखाली येतंय गं," दादा म्हणाला, आणि वहिनी आतून इतकी हसली की घड्या केलेले कपडे पडले.

पण येणं वेगळं आणि त्यावर वाजवता येणं वेगळं. पहिल्या दिवशी तो प्रत्येक ठोक्याला मागे पडला. कळायचं, मग हात उचलायचा, तोवर पुढचा आलेला. त्याने दोनदा काड्या फेकल्या. धाकटीने दोनदा उचलून आणल्या. "तू मला थांबून ऐकतोयस," ती त्याच्या समोर जाऊन, तोंड नीट दिसेल असं म्हणाली. "पूर्वी ऐकायचास का? पूर्वी माझ्या आधी तू तिथे असायचास." दादाने तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि पुढच्या वेळी तो तिच्या आधी तिथे होता.

रोज कामावरून सुटली की ती फळीवर. भिंतीकडे तोंड करून बसलेला दादा, त्याच्या मागे ती. वहिनीने शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की रविवारपर्यंत डोकं दुखलं तर तिच्याकडून गोळ्या न्या.

रविवारी हॉलमध्ये मास्तरांनी फळी पाहिली. "हे काय सुतारकाम?"

"पाठ दुखते माझी," दादा म्हणाला. ताकास तूर लागू दिली नाही.

दुपारभर सगळं नीट झालं. उजेडात दादा नेहमीच नीट वाजवायचा, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नव्हतं. मग व्यवस्थापकाने पडदे ओढले. लोकांनी जोड्या धरल्या. दादाने कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. दिवे गेले.

अंधारात एकच ठिपका उरला. मास्तरांच्या पायाशी डब्याचा लाल दिवा.

धाकटीने पहिला स्वर लावला आणि दादा बरोबर त्यावर आला. संथ नाच होता. खाली पावलं घासल्याचा एकसारखा आवाज येत होता. पहिलं कडवं गेलं. लाल दिव्याच्या उजेडात मास्तरांच्या बुटाचं टोक दिसत होतं, बटणापासून बोटभर अंतरावर. धाकटी बघायचं नाही म्हणत त्याकडेच बघत राहिली. दुसरं कडवं सुरू झालं. बूट हलला. आता दाबतात, असं तिला वाटलं. पुढची ओळ कशी गेली ते तिला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की पायाखाली कुठेतरी एक ठोका ठाम उभा आहे, आणि तो धरून ती परत जागेवर येतेय.

बूट मागे गेला. थोड्या वेळाने मास्तर वाकले आणि लाल ठिपका विझला. आता अंधार पूर्ण होता.

गाणं संपलं, दिवे लागले. लोक डोळे चोळत, हात जरा उशिराने सोडत टाळ्या वाजवू लागले. कुणी पडलं नव्हतं. मास्तर डब्याची वायर हाताभोवती गुंडाळत होते. दादाजवळ येऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वायर गुंडाळत निघून गेले.

दादाचे डोळे अजून मिटलेले होते. त्याने ते उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि पिशवी पुढे ओढून काड्या आत घालू लागला. धाकटी गिटारचा पट्टा काढत होती. दादाने वर न बघता तोंड उघडलं.

"दुसऱ्या कडव्यात पळत सुटलीस," तो म्हणाला. "कुणी मागे लागलं होतं का?"

धाकटीला हुंदका आला. तिने तो आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"आता रडायला काय झालं?" दादा म्हणाला. "चुकलीस ते चुकलीस. उद्या तालमीला लवकर ये."